पाण्याखाली किती बोटं

४ फेब्रुवारी

बुडबुड्या,

पत्र आलं म्हणजे ताईचा राग गेला, असा अर्थ काढू नकोस. राग जिथल्या तिथे आहे. फोन करणार नाही म्हणून मी कानाला खडा लावलाय, आणि तसंही फोनवर आपण एकमेकांना वाक्य पुरं करू देत नाही. पत्रात निदान एकाचं बोलून होईपर्यंत दुसऱ्याला गप्प बसावं लागतं.

कामापुरतं लिहिते. तरणतलावाच्या ऑफिसातून निरोप आला होता, की बाबांचं कपाट रिकामं करून द्या. गेले. शिट्टी होती, टॉवेल होते, रबरी चपला, लहान मुलांच्या पाठीला बांधायचे डबे, आणि एक आरसा, ज्यात बाबांनी कधी बघितलं असेल असं वाटत नाही. तलाव रिकामा केलाय. मास्तरच नाहीत तर पाणी कशाला, म्हणाले. दुसरा शिकवणारा मिळेपर्यंत बंद.

मी शिडीवरून आत उतरले. लहानपणी आपले पाय जिथे कधी टेकले नाहीत, त्या खोल बाजूला चपला घालून उभी राहिले. छताच्या काचांतून ऊन आलं होतं आणि फरशीवर निळं निळं काहीतरी हलत होतं, पाणी नसताना. कशामुळे हलत होतं ते कळलं नाही. मी खोकले, तर तलावाने माझ्यामागून खोकून दाखवलं. बराच वेळ तिथेच होते. वर आले तेव्हा केस ओले झालेत की काय म्हणून हात लावून बघितला.

शिट्टी तुला हवी आहे का ते कळव. नको असेल तर माझ्याकडे राहील. तेवढ्यासाठीच हे पत्र.

बाकी लिहिण्यासारखं काही नाही. म्हणजे आहे, पण ते तुला माहीत आहे. बाबा गेल्याची बातमी फोनवर गावच्या बातम्यांच्या पानावर आली. अर्ध्या गावाला त्यांनी पाण्यात ढकललेलं, त्यामुळे बातमीखाली रडक्या तोंडांची ही मोठी रांग. अंगठा, बदाम, ती छोटी गोल तोंडं, मी आजवर त्यांच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र एकेक नाव वाचत गेले. बरं वाटत होतं. आणि त्या रांगेत एक हसणारं तोंड निघालं. दात काढून हसणारं. शेजारी तुझं नाव आणि तुझा फोटो. लोक पराचा कावळा करतात म्हणतात, पण इथे मुळातच कावळा होता. 'पोटचा पोरगा हसतोय' म्हणून गावाने तुला नाही नाही ते सुनावलं, आणि मी एकालाही गप्प केलं नाही.

वादळामुळे बंदराकडचा रस्ता बंद होता. तू पोचलास तोवर सगळं आटोपलं होतं. दारात बॅग घेऊन उभा राहिलास. मी म्हणाले, "हसून झालं का?" भिंतीला हात लावत जिना उतरलास, खालची पायरी चुकलास, आणि मी वरून बघत मनात म्हटलं, प्यायलाय.

शिट्टीचं कळव.

ताई


२६ फेब्रुवारी

बुडबुड्या,

उत्तर नाही. पालथ्या घड्यावर पाणी. ठीक आहे, मीही तुझीच बहीण. आईची साखर तुझ्याकडे आली आणि तिचा हट्ट माझ्याकडे, वाटणी कधीच झाली आहे.

दुकान बरं चाललंय. मी अजून तपासणीच्या खोलीतच असते. लोकांच्या नाकावर ती जड फ्रेम ठेवायची, काचा बदलायच्या, तक्त्यावरची अक्षरं वाचून घ्यायची आणि मग आत डॉक्टरबाईंकडे पाठवायचं. दुपारी त्या खोलीत कुणी नसतं तेव्हा खिडकीतला उजेड काचांच्या पेटीवर पडतो आणि भिंतीवर उजेडाचे लहान लहान गोल हलत राहतात. काल त्यांच्याकडे बघता बघता डुलकी लागली. स्वप्नात दुकान पाण्याने भरलं होतं. सगळे चष्मे आपापल्या खणांतून निघून तरंगत होते, आणि बाबा टोपी घालून त्यांना रांगेत उभं राहा म्हणून सांगत होते. तू तळाशी बसून बुडबुडे सोडत होतास. मी तुला हाक मारली तर माझ्याही तोंडातून बुडबुडाच निघाला.

बरं, ते राहू दे. परवा बातमीदार आला होता. गावच्या पानाचा मालक, संपादक, शिपाई, सगळं तोच. त्याला चष्मा हवा होता. खुर्चीत बसवलं, फ्रेम चढवली, तर तिसऱ्याच ओळीत स्वारी अडखळली. म्हटलं, हा माणूस गावाला बातम्या वाचायला लावतो.

"ताई, तुम्ही माझ्यावर रागावलाय," तो म्हणाला.

"हलू नका. ही काच बरी की ही?"

"दुसरी. तुमच्या भावाच्या हसण्याची मी वेगळी बातमी केली, ती काही वाईट हेतूने नाही."

"मी कुठे काय म्हटलं? खालची ओळ वाचा."

त्याने वाचली नाही. फ्रेममधून माझ्याकडे मोठ्या मोठ्या डोळ्यांनी बघत म्हणाला, "मास्तर गेल्याची बातमी टाकली. लोक आले, रडकं तोंड ठेवलं, गेले. रडणारा माणूस एकदाच येतो, ताई. चिडलेला माणूस पुन्हा पुन्हा येतो. आपण काय लिहिलं, त्यावर कोण काय बोललं ते बघायला येतो, घरच्यांनाही घेऊन येतो. मी राग विकत नाही. मी नुसतं दुकान उघडं ठेवतो, गिऱ्हाईक रागाचंच येतं."

त्याला मुद्दाम चुकीची काच द्यावी असं क्षणभर मनात आलं होतं. दिली नाही, पोटापाण्याचा धंदा आहे. पण तो गेल्यावर मी हिशोब केला. बाबांची बातमी मी एकदा नीट वाचली. तुझ्या हसण्याची बातमी रोज उघडते. कामावर जाताना, जेवताना, भांडी घासून झाल्यावर ओल्या हातांनी. तुला कुणी नवी शिवी दिली का ते बघते. दिली असेल तर दिवसभर मन कडू होतं, दिली नसेल तर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. गिऱ्हाईक मीच आहे, बुडबुड्या.

आणि तेवढंच नाही. गावच्या पानावर प्रत्येक बातमीखाली मी तुझं नाव शोधते. तू कुठे काय ठेवलंस ते बघते. कोपऱ्यावरची बेकरी जळाली, त्यावर तू हसलास. तुझ्या शाळेच्या बाई आजारी पडल्या, तर तू आ वासलास. ग्रंथालयाला नवी इमारत मिळाली, त्यावर तू रडलास. तलाव रिकामा केला, तर पुन्हा हसलास. आणि कुत्र्याचं पिल्लू कुणीतरी गटारातून वर काढलं, त्याला मात्र अगदी व्यवस्थित लाल बदाम. बापासाठी दात आणि कुत्र्यासाठी बदाम. तिथे उंच क्रेनवर बसून बंदरावरची माणसं मुंगीएवढी दिसत असतील, तशीच आता आम्हीही दिसतो का?

शिट्टी अजून इथेच आहे.

ताई


११ मार्च

बुडबुड्या,

आज दुकानात एक शिंपी आला. म्हातारा नाही, तुझ्याहून थोडा मोठा असेल. सुईत दोरा जात नाही म्हणाला. मी तक्ता दाखवला तर वरच्या चार ओळी धडाधड म्हणून मोकळा झाला. मला शंका आली. बाहेरच्या बाकावर बसून तो तक्ता पाठ करतात लोक, विशेषतः ज्यांचं काम डोळ्यांवर असतं ते. मी तक्ता उलटा केला. मग त्याला एकही ओळ वाचता येईना.

"समोर बघितलं की मधलंच जातं," तो हळूच म्हणाला. "तुमचा चेहरा जातो आणि कान राहतात."

त्याच्या पिशवीत रिळं होती. सहज म्हणून मी ती टेबलावर मांडली आणि रंग विचारले. लाल बरोबर ओळखलं, निळं बरोबर ओळखलं. मग पिवळी तीन होती, एक लिंबाच्या रंगाचं, एक हळदीच्या, एक आंब्याच्या. त्याने तिन्हींवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "ही सगळी एकच."

डॉक्टरबाईंनी आत घेऊन बघितलं. साखर डोळ्यात उतरलीय म्हणाल्या, बरोबर मधोमध. लवकर आलात, डोळ्यात इंजेक्शनं देऊन बरंच वाचवता येतं, उशीर झाला की काही खरं नाही. तो मान हलवत बाहेर पडला, आणि जाताना दुकानाची खालची पायरी चुकला.

मी तशीच उभी राहिले. त्याची रिळं टेबलावर विसरली होती. लाल, निळं आणि तीन पिवळी.

मग मी फोन उघडला. तू ठेवलेली सगळी चिन्हं पहिल्यापासून बघत गेले. अंगठा निळा असतो, तो तू कधीच चुकला नाहीस. बदाम लाल असतो, तोही कधी चुकला नाहीस. चिडलेलं तोंड लालसर, ते तू लाचखाऊ कंत्राटदाराच्या बातमीला ठेवलंस, बरोबर ठेवलंस. चुका सगळ्या पिवळ्यात आहेत. हसणारं, आ वासलेलं, रडणारं. तिन्ही गोल, तिन्ही पिवळी, मुगाच्या दाण्याएवढी. बेकरीवर तू रडायला गेला होतास. बाईंसाठी रडायला गेला होतास. ग्रंथालयाच्या बातमीला हसायला गेला होतास.

आणि बाबांच्या बातमीला.

मी खुर्चीत बसले, तीच तपासणीची खुर्ची. भिंतीवर उजेडाचे गोल हलत होते आणि मला त्यांच्यात सगळीकडे तो जिना दिसत होता. भिंतीला हात लावून उतरणारा तू. तू प्यायला नव्हतास. माझा चेहराही तुला दिसला नसेल, नुसते कान आणि आवाज. त्या आवाजाने विचारलं, हसून झालं का. आणि तू सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर क्रेनवरून खाली यावं लागलं असतं, हे मला आता कळतंय. डोळ्यांची तपासणी तुमच्याकडे दर वर्षी होते. तक्ता पाठ केला असशील. बापाच्या मरणावर हसणारा मुलगा म्हणवून घेतलंस, पण दिसत नाही म्हणाला नाहीस. गाढवा. कसा रे इतका गाढव.

'बुडत्याला काडीचा आधार' ही म्हण बाबांना अजिबात आवडायची नाही. काडी कसली देता, म्हणायचे, मागून जा आणि हनुवटी धरा. घाबरलेल्या माणसाकडे समोरून गेलं की तो गळ्यात पडतो आणि दोघेही तळाला जातात. सगळ्या वर्गाला दाखवायला बुडणारा नेहमी तू व्हायचास आणि वाचवणारी मी. शंभरदा केलं असेल. आणि खरी वेळ आली तेव्हा मी दारात अगदी समोरून आले, तेही तोंडाचा पट्टा सोडून.

इतकं लिहून झाल्यावर आत्ता लक्षात येतंय की हे सगळं मी कुणाला लिहितेय. माझं हे मुंगीचं अक्षर. आधीची दोन्ही पत्रं तू वाचलेलीच नाहीस. कुणाला वाचून दाखव म्हणणार? ताईने शिव्या घातल्या असतील अशी भीती असेल, आणि ती खरीच आहे.

हे पत्र टाकत नाही. पाट्या रंगवणाऱ्याकडचा जाड काळा पेन घेऊन येते.


१२ मार्च

बुडबुड्या

मी ताई

पान एक
आणि पान दोन
माझा हात
काढलाय

पाण्याखाली
किती बोटं?

खोटं बोललास
तर पाणी
तोंडात जाईल

फोन कर

रागावणार नाही


२९ मार्च

बुडबुड्या,

हे जाड पेनानेच लिहितेय, एका पानावर जेमतेम चार ओळी बसतात, त्यामुळे पाकीट उशीएवढं झालंय. फोनवर तू "बरं" म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून लिहिते. बाजूने बघत बघत, जमेल तसं वाच.

तुझा फोन आला तेव्हा मी एका बाईंच्या नाकावर फ्रेम ठेवत होते. तू नमस्कार नाही, चमत्कार नाही. "दुसऱ्या पानावर चार," म्हणालास. "अंगठा मिटलाय." मग म्हणालास, "पहिल्या पानावर काहीच नाही."

पहिल्या पानावर होता रे हात. पेन्सिलीने, बारीक रेघेने काढलेला. बाबा पाण्याखाली बोटं धरायचे तेव्हा माझा सगळा अंदाजपंचे कारभार, आणि तू डोळे सताड उघडे ठेवून दर वेळी बरोबर सांगायचास. या खेळात तू कधी थाप मारली नाहीस. आताही मारली नाहीस. त्या बाई माझ्याकडे बघत होत्या, अहो, चष्मा मला लागलाय आणि डोळ्यांतून पाणी तुमच्या का येतंय, म्हणाल्या.

मग तू एका दमात बोललास. समोर बघितलं की जातं, बाजूला बघितलं की येतं. बातमी फोन वाचून दाखवतो, तोंडं मात्र वाचून दाखवत नाही. बाबांच्या बातमीखाली तिसरं की चौथं करता करता एकावर बोट पडलं. लोक शिव्या द्यायला लागले तेव्हा आपण काय ठेवलं हे तुला त्या शिव्यांवरून कळलं. मी विचारलं, मग काढलं का नाहीस? म्हणालास, "काढायला गेलो आणि दुसरंच काही पडलं तर?"

यावर मी हसले, तूही हसलास.

आता मुद्द्याचं. बातमीदार चष्मा न्यायला आला होता. मी त्याला म्हटलं, ती दुसरी बातमी काढून टाका. काढतो म्हणाला, लगेच काढलीही. पण म्हणाला, "काढल्याने काय होणार? ज्यांनी वाचली त्यांच्या डोक्यात ती आहेच. खरं काय ते सांगा, मी लिहितो. लोक हळहळतील. ज्यांनी शिव्या घातल्या तेच रडतील बघा." माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गावाला एकदा दाखवून द्यावं, की तुम्ही कुणाला काय बोललात. पण 'क्रेनवाल्याला दिसत नाही' म्हटल्यावर लोक फक्त हळहळून थांबतील? आधी घाबरतील, मग चिडतील, आणि तुझं नाव पुन्हा गावभर. म्हणून तुला विचारलं. तू म्हणालास, "हसणारा म्हणू देत, ताई. बिचारा नको."

बरं. गावाला सांगत नाही. पण तुझ्या साहेबांना सांगावंच लागेल, आणि ते तू सांगायचं. अजून काही झालेलं नाही, असं तू मला दोनदा ऐकवलंस. झाल्यावर कळवशील का? तुझ्या त्या लोखंडी पेट्यांखालून रोज माणसं जातात. त्यांनाही कुठेतरी ताया असतील. मी साहेबांना परस्पर पत्र लिहिणार नाही. समोरून येणार नाही, एकदा आले तेवढं पुरे.

रविवारी मी तिकडे येते. डॉक्टरबाईंनी तिथल्या डोळ्यांच्या इस्पितळात सांगून ठेवलंय. तू पुढे चालायचं, मी मागे. पायरी आली की सांगेन.

ताई


२३ जून

बुडबुड्या,

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीच्या पायांचं आहे, पण ते तुझं शाळेपासूनच तसं, त्याचा दोष डोळ्यांना देऊ नकोस.

तुला जे लिहायला इतके दिवस लागले ते मी एकदा वाचलं, मग परत एकदा वाचलं. साहेबांनी म्हणे क्रेनची किल्ली तुझ्याकडून काढून घेतली, आणि मग स्वतःच तुला चहा आणून दिला. आता खाली गोदामात काम, पगार कमी, वर चढायचं नाही. वरून समुद्र दिसायचा, खालून फक्त भिंत दिसते, असं लिहिलंस. मला वाईट वाटलं, हे सांगूनच टाकते. पण ती किल्ली काढून घेतली त्या दिवसापासून मला झोप लागतेय, हेही सांगते.

डोळ्यात सुई घ्यायची म्हटल्यावर तू माझा हात जो धरलास, त्याचे वळ बरेच दिवस होते. दुकानात मालकीणबाईंनी विचारलं, कुणी धरलं म्हणून. म्हटलं, बुडणाऱ्याने.

काल तपासणीला एकजण आला होता. खुर्चीत बसता बसता म्हणाला, "तुम्ही मास्तरांची मुलगी ना? तो हसणारा तुमचाच भाऊ?" बातमी काढून किती महिने झाले बघ. मी म्हटलं, हो, माझाच. तो वाट बघत राहिला, की मी पुढे काहीतरी बोलेन. मी त्याला खालची ओळ वाचायला सांगितली. आधी अशा वेळी माझ्या अंगाची लाही व्हायची. काल नुसती काच पुसली आणि पुढचं काम केलं. लाही झाली नाही असं नाही, पण ती घेऊन मी फोन उघडला नाही.

परवा पुन्हा स्वप्न पडलं. तलाव रिकामाच होता आणि आपण दोघं तळाशी फरशीवर पाठ टेकून पडलो होतो. वरून बाबांचा आवाज येत होता, श्वास सोडा, श्वास सोडा. सोडला की आपण थोडे वर उचलले जायचो, पाणी नसतानाही. जाग आली तेव्हा पाय हलत होते.

पुढच्या सुईला येतेच आहे. इस्पितळात जेवण मिळत नाही, काहीतरी करून आणते.

ताई


९ ऑगस्ट

बुडबुड्या,

फोन केला तर तू कामावर होतास, आणि मला दम निघत नाही, म्हणून लिहिते.

तलाव भरला. नवीन मास्तरीणबाई आल्यात, तरुण आहेत, आवाज मात्र खणखणीत. लहानपणी बाबांकडेच शिकल्या म्हणे. काल पहिल्यांदा पाणी सोडलं तेव्हा आम्ही बरेच जण कठड्यावर उभे होतो. पाणी आधी खोल बाजूला जमलं, अगदी गुपचूप, आणि मग हळूहळू चढत गेलं. मी उभी होते ती जागा बुडाली. निळं हलत होतंच, आता त्याच्याखाली पाणी आलं इतकंच. बाईंनी विचारलं, शिट्टी आहे का कुणाकडे? माझ्या पर्समध्ये होती. पण दिली नाही. ती तुझी आहे, तू अजून हो किंवा नाही काही कळवलेलं नाहीस.

बातमीदाराने फोटो काढून लगेच बातमी टाकली. 'तलाव पुन्हा भरला.' साधी बातमी. कुणी कुणावर चिडलं नाही, त्यामुळे फारसं कुणी आलंही नाही. आले त्यांनी बदाम ठेवले, हसरी तोंडं ठेवली. मी एकेक नाव वाचत गेले, सवयच लागलीय.

आणि तिथे तुझं नाव, आणि शेजारी रडणारं तोंड.

इतक्या चांगल्या बातमीखाली एकट्या तुझंच. परत सुरू झालं का रे? सुया लागू पडत नाहीत का? पिवळी पुन्हा एकात एक मिसळायला लागली का? डॉक्टरांकडे उद्याच्या उद्या जा. लपवू नकोस. काम गेलं तर जाऊ दे, माझ्याकडे ये, पण लपवू नकोस. मी या पत्रासोबत पुन्हा काही हात वगैरे काढून पाठवत नाहीये. सरळ विचारतेय. दिसतंय का?

ताई


१४ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र मीच वाचलं. दुसऱ्या कुणी नाही. तू यावेळी घाईत जाड पेन विसरलीस, तरी वाचलं. भिंग घेतलं होतं, ते कबूल.

मार्चमधलं पाकीट मी ठेवलंय. काल ते काढून पहिलं पान खिडकीशी धरलं. पेन्सिलीचा हात आहे. पाच बोटं. करंगळी तू वाकडी काढलीस, ती तुझी आहेच वाकडी.

शिट्टी त्या बाईंना दे. गोदामात शिट्टीचं काय करू? पण आधी एकदा तू वाजव, बाबांसारखी, लांब. फोन चालू ठेवून वाजव म्हणजे मला ऐकू येईल.

आणि डॉक्टरांकडे जायची गरज नाही. तोंड चुकलेलं नाही. बाबांशिवाय भरलेला तलाव होता फोटोत. फोन नाकाला लावून तिन्ही पिवळी नीट बघितली, आणि रडणारंच ठेवलं.

तेव्हाही तेच ठेवायचं होतं.

बुडबुडा